रिंग लावायची? मग आधी भिंत बघा!

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेतली सहावीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी घुटमळत राहिली. "बाई, बाबा बास्केटबॉलची रिंग घेऊन देणारेत. कसली घेऊ?"

मी विचारलं, "अगं, पण लावणार कुठं?"

"कुठं म्हणजे? भिंत आहे की!"

हे 'भिंत आहे की' ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण दोन वर्षांपूर्वी मीही अगदी असंच म्हणाले होते.

माझा नऊ वर्षांचा भाचा मे महिन्यात आमच्याकडे सिन्नरला राहायला आला होता. त्याच्यासाठी मी हौसेनं रिंग आणली, फळी आणली. आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला लाकडी गुट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले आणि झालं काम! आता गोंदेश्वराच्या दगडी भिंती वेगळ्या आणि गावठाणातल्या घराच्या पांढऱ्या मातीच्या भिंती वेगळ्या, एवढं तरी मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फळी, रिंग आणि भिंतीचा पाटीभर लपका एकदमच खाली आला. बॉल तुळशीवृंदावनामागं गेला म्हणून भाचा तो आणायला पळाला होता, तेवढ्यात. फळी पडली ती बरोबर त्याच्या उभं राहायच्या जागेवर. माझी आई त्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तीन फूट बाय चार फुटांची, अठरा एमएम जाडीची प्लायवूडची फळी चौदा-पंधरा किलोची होते. रिंग आणि लोखंडी अँगल धरले की वजन वीस किलोपर्यंत जातं. शिवाय बॉल आपटला की दर वेळी हादरा बसतो. म्हणून स्क्रू, खिळे, गुट्ट्या यांचं नावच काढू नका. भिंतीवर लावायची असेल तर ती पक्क्या विटांची, सिमेंटच्या जोडणीची हवी. काँक्रीटचा खांब किंवा बीम मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी देऊन आवळायचे. गच्चीच्या कठड्याला तर कधीच नाही! कठडा चार इंची असतो, आणि बॉल खाली रस्त्यावर गेला की त्याच्यामागं कोण वाकून बघतं, हे आई-बाबांना वेगळं सांगायला नको. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागाही बाद.

माझी दुसरी चूक उंचीची. पुस्तकात लिहिलंय दहा फूट, म्हणून मी शिडी लावून अगदी टेप धरून दहा फुटांवर रिंग ठोकली. भाचा बिचारा बॉल दोन्ही हातांनी गुडघ्यांपासून झोका देऊन वर भिरकवायचा. दहातला एखादा रिंगला शिवायचा. दुसऱ्या दिवशीच तो म्हणाला, "मावशी, त्यापेक्षा क्रिकेट खेळू."

दहा फूट कुणी ठरवले?

ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएचं एक प्रशिक्षण विद्यालय होतं. तिथं जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते, मूळचे कॅनडाचे. डिसेंबर १८९१. बाहेर कडाक्याची थंडी, आणि वर्गातली अठरा दांडगट मुलं व्यायामशाळेत कंटाळलेली. (अशा वर्गाचं काय करायचं हा प्रश्न जगातल्या सगळ्या मास्तरांना पडतो!) नेस्मिथनी बंद जागेत, ढकलाढकली न करता खेळता येईल असा खेळ काढला. शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, शिपायानं पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. सिन्नरात हे घडलं असतं तर कांद्याच्या पाट्या मिळाल्या असत्या!

टोपल्या ठोकल्या त्या व्यायामशाळेच्या सज्जाला. आणि सज्जा होता जमिनीपासून दहा फुटांवर. बस्स! दहा फुटांमागं एवढंच कारण. सज्जा आठ फुटांवर असता तर आज सगळं जग आठ फुटांवर खेळलं असतं. टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे बॉल आत गेला की कुणीतरी शिडीवर चढून तो काढायचा. पहिल्या सामन्यात एकदाच चढावं लागलं, कारण गुणसंख्या होती १-०. रिंगमागची फळीही नंतर आली. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून बॉल अडवायचे किंवा आत ढकलायचे, म्हणून मध्ये आडोसा केला.

तो खेळ मोठ्या मुलांचा होता. तुमच्यासाठी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं 'मिनी बास्केटबॉल' आहे. त्यात रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर असते, आणि बॉल पाच नंबरचा. मोठे पुरुष सात नंबरच्या बॉलनं खेळतात, बायका सहा नंबरच्या. पाच नंबरचा बॉल पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर असतो. दुकानदार म्हणेल, "ताई, सातचाच घ्या, मोठेपणी पण चालेल." बिलकूल ऐकू नका! मोठेपणी चालणारा बूट आपण पहिलीतल्या पोराला घालतो का? आणि अंगणात खेळायला रबरीच घ्या, सिमेंटवर कातडी बॉल लवकर उसवतो.

पहिली-दुसरीतल्या मुलांना साडेआठ फूटही जड जातं. त्यांना मी सात-साडेसातपासून सुरुवात करू देते. एक सोपी परीक्षा सांगते. मुलाला रिंगपासून तीन-चार पावलांवर उभं करा. बॉल छातीपासून वर नेऊन, मनगट वळवून टाकता आला तर उंची ठीक. कमरेखालून झोका द्यावा लागला तर रिंग खाली घ्या. एकदा वाकडी सवय लागली की ती सोडवताना नाकी नऊ येतात.

खाली घेतलेल्या रिंगचा एक तोटा मात्र आहे. ती हाताला लागते आणि मुलं तिला लोंबकळतात. टीव्हीवर मोठे खेळाडू लोंबकळतात ना, मग आपण का नाही? त्यांच्या रिंगा भार आला की झुकणाऱ्या, स्प्रिंगच्या असतात. घरच्या रिंगला लोंबकळायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच करा. आणि तो मोडला जाणार हे धरूनच बोल्ट आवळा! हातात अंगठी, कडं घालून तर खेळूच नका.

हल्ली बाजारात चाकांचे तयार स्टँड मिळतात. उंची कमी-जास्त होते, भिंत लागत नाही, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सोयीचे. त्यांच्या बुडाशी प्लास्टिकची टाकी असते, ती पाण्यानं किंवा वाळूनं भरायची. आमच्या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाणी पिण्याच्या टाकीत भरायचं की स्टँडच्या, हा प्रश्नच आहे. पण गंमत सोडली तरी वाळूच बरी. शंभर लिटरच्या टाकीत पाणी शंभर किलो बसतं, वाळू दीडशेच्या वर. शिवाय पाणी गळून गेलं तर कळतही नाही, आणि वाऱ्यानं स्टँड आडवा होतो. दाराला अडकवायच्या छोट्या रिंगा पावसाळ्यात घरात मजेच्या आहेत, पण त्यांना खेळणंच समजा.

सळई पाच सेंटिमीटर कमी पडली!

तर आमच्या त्या मुलीच्या घरी मी जाऊन आले. भिंत बघितली, नापास केली. अंगण पंधरा फूट बाय बारा फूट, खाली सिमेंटचा कोबा. मग ठरलं, खांब रोवायचा. वडील माळेगावच्या एमआयडीसीत कामाला. ओळखीचे फॅब्रिकेशनवाले काका मिळाले. चार इंची पाइप, तीन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये. फळी खांबाच्या दोन फूट पुढं काढलेली, म्हणजे पळत येणारं पोर खांबावर आदळत नाही. तरी खांबाला जुनी गादी गुंडाळलीच. फळी बसवायच्या चॅनलला साडेसातपासून दहा फुटांपर्यंत दर अर्ध्या फुटावर भोकं. मूल वाढेल तशी फळी वर.

रिंगसाठी सोळा एमएमची सळई घ्यायची होती. किती लांब, ते मुलीनं वहीत काढलं. आतला व्यास ४५ सेंटिमीटर, गुणिले २२ भागिले ७, उत्तर १४१.४. उत्तर चोख! काका हसले आणि म्हणाले, "बेटा, सळईची जाडी कुठं गेली?" सळई वाकवली की तिची लांबी आतल्या नाही, मधल्या वर्तुळावर मोजायची. मग व्यास ४६.६ आणि सळई साडेशेहेचाळीस नव्हे, एकशे साडेशेहेचाळीस सेंटिमीटर! तिच्या उत्तरानं रिंग बारीक झाली असती. हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवते, पण मलाही सुचलं नव्हतं. तुम्ही घरी करून बघा: पाच नंबरचे दोन बॉल शेजारी शेजारी धरले तर ४५ सेंटिमीटरमध्ये जेमतेम मावतात. लांबून इवलीशी दिसणारी रिंग इतकी मोठी असते!

"मुलीला कशाला हवंय हे लोखंड?" असं शेजारच्या एका आजींनी विचारलंच. तर आजी, खेळ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो कॉलेजातल्या मुलींना शिकवला. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. जागेचं म्हणाल, तर मुंबईच्या नागपाड्याइतकी दाटीवाटी कुठं असेल? तिथल्या मैदानांनी कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. अब्बास मुंतसीर तिथलेच, १९७० सालचे अर्जुन पुरस्काराचे मानकरी.

त्या आजींची खरी तक्रार दुपारच्या झोपेची होती, आणि ती अगदी रास्त होती. म्हणून एक ते चार बॉल घरात. दुसरं भांडण उंचीचं. ताईला साडेआठ फूट हवं, दुसरीतल्या भावाला साडेसात. रोज फळी हलवायची तर दोन मोठी माणसं लागतात. शेवटी आठवर तह झाला.

जाळी मात्र दुकानात मिळाली नाही. रिंगला खाली बारा हूक आहेत. आजोबा ओट्यावर बसून सुती दोरीची जाळी विणतायत. परवा गेले तेव्हा आठ हुकांचं काम झालं होतं, चार राहिले होते. आणि भाऊ मध्येच बॉल मारून दोरी ओढत होता.