द रिअल मॅरिगोल्ड हॉटेल

द रिअल मॅरिगोल्ड हॉटेल ही बीबीसीने प्रसारित केलेली ब्रिटिश दूरचित्रवाणी माहितीपट मालिका आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात पोहोचलेले काही नामवंत स्त्री-पुरुष भारतातील एखाद्या शहरात काही आठवडे एकत्र राहतात आणि निवृत्तीनंतरचे दिवस येथे घालवणे आपल्याला मानवेल का, याचा प्रत्यक्ष अनुभव घेतात, अशी या मालिकेची मांडणी आहे. मालिकेचा पहिला भाग २६ जानेवारी २०१६ रोजी बीबीसी टू या वाहिनीवर प्रसारित झाला. पुढील पर्वे बीबीसी वन या वाहिनीवर दाखवण्यात आली. मालिकेमुळे वृद्धापकाळातील एकाकीपणा, खर्च आणि शुश्रूषा हे प्रश्न मनोरंजनाच्या माध्यमातून ब्रिटिश प्रेक्षकांपुढे आले. मात्र भारतात काही आठवडे राहून पाहणे आणि येथे कायमचे स्थायिक होणे यांत कायदा व अर्थकारण या दोन्ही दृष्टींनी मोठे अंतर आहे.

नाव आणि पार्श्वभूमी

मालिकेचे नाव व कल्पना ब्रिटिश लेखिका डेबोरा मोगॅक यांच्या कादंबरीवरून आणि तीवर आधारित चित्रपटावरून सुचलेली आहे. मोगॅक यांची ‘दीज फूलिश थिंग्ज’ ही कादंबरी २००४ मध्ये प्रकाशित झाली. वृद्ध सासऱ्याच्या वागण्याने त्रासलेला लंडनमधील एक भारतीय वंशाचा डॉक्टर आपल्या चुलतभावाच्या साहाय्याने बंगळूर येथे ब्रिटिश वृद्धांसाठी निवास सुरू करतो, असे तिचे कथासूत्र आहे. ब्रिटनमधील कॉल सेंटरची कामे ज्या काळात बंगळूरकडे जात होती, त्याच काळात वृद्धांची देखभालही तिकडे पाठवली तर काय होईल, हा उपरोधिक प्रश्न कादंबरीच्या मुळाशी आहे.

या कादंबरीवरून जॉन मॅडन यांनी ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. जुडी डेंच, मॅगी स्मिथ, बिल नाय, टॉम विल्किन्सन, पेनलोपी विल्टन आणि देव पटेल यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. चित्रपटात कथेचे स्थळ बंगळूरऐवजी जयपूर करण्यात आले, तर हॉटेलचे चित्रीकरण उदयपूरजवळील रावला खेमपूर या जुन्या वाड्यात झाले. चित्रपटातील पात्रे वेगवेगळ्या कारणांनी भारतात येतात. कोणी पतीच्या निधनानंतर उरलेल्या कर्जामुळे, कोणी खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी, तर कोणी तरुणपणी सुटलेल्या माणसाच्या शोधात येते. २०१५ मध्ये चित्रपटाचा दुसरा भाग प्रदर्शित झाला. मॅरिगोल्ड म्हणजे झेंडू. भारतात पूजेपासून लग्नमंडपापर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या या फुलाचे नाव कथेतील हॉटेलला देण्यात आले आहे. दूरचित्रवाणी मालिकेच्या नावातील ‘रिअल’ हा शब्द या काल्पनिक हॉटेलाशी असलेला तिचा संबंध आणि फरक दोन्ही सूचित करतो.

स्वरूप

प्रत्येक पर्वात सहभागी व्यक्ती एकाच निवासस्थानी राहतात. अभिनय, नृत्य, संगीत, क्रीडा, पाककला, वृत्तनिवेदन अशा निरनिराळ्या क्षेत्रांतून त्यांची निवड केली जाते. त्यांच्यात कोणतीही स्पर्धा नसते आणि कोणालाही मतदानाने बाहेर काढले जात नाही. या बाबतीत ही मालिका रिअ‍ॅलिटी शो प्रकारातील अनेक कार्यक्रमांहून वेगळी आहे. परिसराची ओळख, स्थानिक रहिवाशांच्या भेटी आणि सहनिवासातील संभाषणे हा तिचा मुख्य आशय असतो. वैधव्य, घटस्फोट, अपत्यहीनता, आजारपण, मृत्यूचे भय आणि काम थांबल्यावर जाणवणारी पोकळी यांविषयी सहभागी व्यक्ती एकमेकांशी बोलतात. पर्वाच्या शेवटी भारतात निवृत्त होण्याचा विचार आपण करू का, यावर ते आपले मत सांगतात.

पर्वे

पहिल्या पर्वात (२०१६) आठ सहभागी जयपूर येथील एका हवेलीत राहिले. त्यांत अभिनेत्री मिरियम मार्गोलिस, बॅले नर्तक वेन स्लीप, बीबीसीच्या माजी वृत्तनिवेदिका जॅन लीमिंग, ‘डॉक्टर हू’ या मालिकेतील सातवे डॉक्टर म्हणून परिचित असलेले अभिनेते सिल्व्हेस्टर मकॉय, डार्ट्स खेळाडू बॉबी जॉर्ज, गायिका पॅटी बुलाये, पाककला तज्ज्ञ रोझमेरी श्रेगर आणि विनोदी कलाकार रॉय वॉकर यांचा समावेश होता.

दुसरे पर्व (२०१७) केरळमधील कोची येथे झाले. नर्तक लायनेल ब्लेअर, गायिका शीला फर्ग्युसन, अभिनेते पॉल निकोलस, वैद्यकीय लेखिका डॉ. मिरियम स्टॉपर्ड, विनोदी कलाकार व पक्षिनिरीक्षक बिल ऑडी, अभिनेत्री अमांडा बॅरी, पाककला तज्ज्ञ रस्टी ली आणि १९८५ चे स्नूकर विश्वविजेते डेनिस टेलर हे त्यातील सहभागी होते. तिसरे पर्व (२०१८) उदयपूर येथे झाले. चौथ्या पर्वात (२०२०) पुदुच्चेरी व ऋषिकेश ही स्थळे निवडण्यात आली आणि त्यात अभिनेत्री ब्रिट एकलंड, वेशभूषाकार झँड्रा ऱ्होड्स, क्रिकेट समालोचक हेन्री ब्लोफेल्ड आदींनी भाग घेतला.

पहिल्या पर्वाच्या यशानंतर ‘द रिअल मॅरिगोल्ड ऑन टूर’ ही उपमालिका तयार झाली. तिच्या आरंभीच्या भागांत पहिल्या पर्वातील चार सहभागी अमेरिकेतील फ्लोरिडा आणि जपानमधील क्योतो येथे गेले.

ऐतिहासिक संदर्भ

ब्रिटिश व्यक्तींनी भारतात निवृत्तीचे दिवस घालवणे ही नवी कल्पना नाही. वसाहतकाळात थंड हवेच्या ठिकाणी अशी वस्ती होती. महाराष्ट्रातील पाचगणी हे त्याचे एक उदाहरण आहे. महाबळेश्वरपेक्षा पावसाचा जोर कमी आणि हवामान वर्षभर सुसह्य असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे ठिकाण ब्रिटिशांच्या निवृत्तिवासासाठी विकसित करण्यात आले. या कामात जॉन चेसन यांचा पुढाकार होता.

१९४७ नंतर बहुसंख्य ब्रिटिश मायदेशी परतले, तरी काही येथेच राहिले. पॉल स्कॉट यांच्या ‘स्टेइंग ऑन’ (१९७७) या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीत एका काल्पनिक गिरिस्थानी राहिलेल्या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे व त्याच्या पत्नीचे चित्रण आहे. तुटपुंजे उत्पन्न, घरावरचा अनिश्चित हक्क आणि पतीच्या पश्चात परक्या देशात एकटे पडण्याची पत्नीची भीती हे त्या कादंबरीतील विषय आहेत. मॅरिगोल्ड कथेच्या कितीतरी आधी लिहिल्या गेलेल्या या कादंबरीत परदेशातील वार्धक्याची अवघड बाजू मांडलेली दिसते.

प्रत्यक्ष स्थायिक होण्यातील अटी

भारतात निवृत्तांसाठी स्वतंत्र व्हिसा नाही. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी व्यक्तींसाठी निवृत्ती व्हिसा आहे आणि मलेशियात दीर्घ वास्तव्यासाठी ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही योजना आहे. भारतात मात्र अशा व्यक्तीला सामान्यतः पर्यटक व्हिसावर यावे लागते. तो अनेक वर्षांसाठी मिळाला, तरी वास्तव्याच्या कालावधीवर मर्यादा असते आणि त्यातून कायम वास्तव्याचा हक्क निर्माण होत नाही. त्यामुळे हिवाळ्याचे काही महिने भारतात आणि उरलेले वर्ष मायदेशी, असा क्रम दरवर्षी पाळणारे युरोपीय ज्येष्ठ गोव्याच्या किनारपट्टीवर आढळतात.

घर घेण्यावरही निर्बंध आहेत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ आणि त्याखालील नियमांनुसार भारताबाहेर राहणाऱ्या व भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी नागरिकाला सर्वसाधारणपणे येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मात्र ती घेता येते. गोव्यात परदेशी नागरिकांनी केलेल्या जमीन व घरांच्या खरेदीची या कायद्याखाली चौकशी झालेली आहे.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न ब्रिटिश नागरिकांसाठी अधिक दूरगामी ठरतो. ब्रिटनमधील सरकारी निवृत्तिवेतन परदेशातही मिळते, परंतु त्यातील वार्षिक वाढ सर्व देशांत लागू होत नाही. युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेसारखे काही करारबद्ध देश यांत राहणाऱ्यांना ती मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आदी देशांत राहणाऱ्यांचे वेतन स्थलांतराच्या वेळच्या दरावर गोठवले जाते. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेचा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. २०२४-२५ मध्ये तो २२१.२० पौंड झाला. २०१६ मध्ये निवृत्त होऊन लगेच भारतात स्थायिक झालेल्या व्यक्तीला आठ वर्षांनंतरही जुन्याच दराने रक्कम मिळते, म्हणजे आठवड्याला ६५.५५ पौंड कमी. वय आणि औषधोपचाराचा खर्च वाढत असताना उत्पन्न मात्र स्थिर राहते. या धोरणाला ‘कार्सन व इतर विरुद्ध युनायटेड किंग्डम’ या खटल्यात आव्हान देण्यात आले होते, परंतु २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने ते भेदभावकारक नसल्याचा निर्णय दिला.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा तेथील वास्तव्यावर आधारित आहे. कायमचे परदेशी स्थायिक झालेल्यांना रुग्णालयातील मोफत उपचारांचा हक्क आपोआप राहत नाही. भारतातील खाजगी उपचार ब्रिटनमधील खाजगी उपचारांच्या तुलनेत स्वस्त असले, तरी दीर्घ आजार, स्मृतिभ्रंश किंवा अंथरुणाला खिळण्याची अवस्था यांत लागणारी शुश्रूषा अनेक वर्षे चालू शकते. या टप्प्याची कल्पना धडधाकट असताना केलेल्या अल्पकालीन वास्तव्यातून येत नाही.

भारतीय वंशाचे ज्येष्ठ

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांची स्थिती वेगळी आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ योजनेखाली नोंदणी झालेल्यांना आजीवन बहुप्रवेश व्हिसा मिळतो. शेतजमीन, मळे व फार्महाऊस वगळता इतर मालमत्ता त्यांना विकत घेता येते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही. ब्रिटन व अमेरिकेत आयुष्य घालवलेल्या मराठी कुटुंबांपुढेही निवृत्तीच्या वेळी परतण्याचा प्रश्न येतो. पुणे किंवा मुंबईत घर, भाषा आणि नातलग असले, तरी मुले व नातवंडे परदेशात असल्यामुळे अनेक जण दोन्हीकडे आळीपाळीने राहण्याचा मध्यम मार्ग स्वीकारतात. गोठवलेल्या निवृत्तिवेतनाचा नियम भारतात स्थायिक होणाऱ्या या ब्रिटिश निवृत्तांनाही लागू होतो.

भारतीय ज्येष्ठांशी तुलना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी बहुतेकांना नोकरीतून मिळणारे निवृत्तिवेतन नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी केंद्र सरकारचा वाटा ६० ते ७९ वर्षे वयासाठी दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. त्याच्या तुलनेत २०१६ मधील ब्रिटनचे पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन तेव्हाच्या विनिमयदराने महिन्याला ६० हजार रुपयांहून अधिक भरत होते. स्वयंपाकी, मदतनीस आणि वाहनचालक ठेवण्याची जी सोय परदेशी ज्येष्ठांना भारताकडे आकर्षित करते, ती बऱ्याच अंशी या तफावतीवर आणि घरकामगारांच्या अल्प वेतनावर उभी आहे.

भारतात वृद्धांची देखभाल ही प्रामुख्याने कुटुंबाची जबाबदारी मानली जाते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ याने ती कायदेशीरही केली आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद केली. असा कायदा करावा लागला, यावरून एकत्र कुटुंबाचा आधार सर्वांना मिळत नाही हे स्पष्ट होते. परदेशी प्रेक्षकांच्या मनातील ‘वृद्धांना मान देणारा देश’ ही भारताची प्रतिमा म्हणूनच अंशतः खरी आहे. दुसरीकडे पुणे, कोइमतूर, चेन्नई, बंगळूर या शहरांभोवती मध्यम व उच्च मध्यमवर्गीय ज्येष्ठांसाठी खास गृहसंकुले उभी राहिली आहेत. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे आणि डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या हास्यक्लबसारखे उपक्रम सोबतीची गरज भागवतात.

मूल्यमापन

मॅरिगोल्ड कथेवर आणि तिच्या विविध रूपांवर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप वसाहतकालीन दृष्टिकोनाचा आहे. भारत हा परदेशी पात्रांच्या आत्मशोधासाठीची रंगीबेरंगी पार्श्वभूमी ठरतो आणि भारतीय व्यक्तिरेखा दुय्यम राहतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. मालिकेच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. तिच्यातील सहभागी नामवंत आहेत आणि त्यांच्या निवासाची व्यवस्था निर्मात्यांनी केलेली असते. त्यामुळे सामान्य निवृत्त व्यक्तीला येणाऱ्या व्हिसा, भाडे, विमा आणि उत्पन्नाच्या अडचणी त्यांच्या वास्तव्यात फारशा जाणवत नाहीत.

तथापि एका प्रश्नाची चाचणी काही आठवड्यांतही होऊ शकते, तो म्हणजे सोबतीचा. एरवी स्वतंत्र घरांत एकेकटे राहणारे ज्येष्ठ एका छताखाली आले, एकत्र जेवू लागले आणि एकमेकांची विचारपूस करू लागले की काय बदलते, हे मालिकेत दिसते. हा बदल एका देशापुरता मर्यादित नाही. जयपूरच्या हवेलीतील सहनिवासात जे मिळते, ते लंडन किंवा पुण्यातील सहनिवासातही मिळू शकते. निवृत्तीसाठी देश बदलण्याचा विचार करणाऱ्याला हवामान व स्वस्ताईबरोबरच वास्तव्याचा हक्क, वाढत्या वयात टिकणारे उत्पन्न, शुश्रूषेची सोय आणि जवळची माणसे या चारही बाबींचा हिशेब मांडावा लागतो.