बोटीला कव्हर कसलं घालायचं? कोल्हापूरच्या पावसात नुसता निळा कागद का पुरत नाही?

कोल्हापूरला समुद्र नाही, पण बोटीची किंमत काय असते ते प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. इथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, यावरून अंदाज येईल. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं.

आता गंमत बघा. आपल्याकडची छोटी मोटरबोट, मग ती हौसेची असो, तलावात फिरवायची असो किंवा पुरासाठी गावानं ठेवलेली असो, वर्षातले मोजके दिवस पाण्यात असते. बाकीचे दिवस ती पत्र्याच्या शेडमध्ये, शाळेच्या आवारात नाहीतर बंगल्यामागं पडून असते. त्या दिवसांत तिची राखण करतं ते कव्हर. पण आपण बोटीवर लाखो रुपये घालतो आणि कव्हर म्हणून ऊस-सोयाबीनवर टाकायचा निळा प्लास्टिकचा कागद ओढून मोकळे होतो.

त्यानं नेमकं काय बिघडतं? आणि मग कव्हर घ्यायचं तरी कसलं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी पावसाचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. १२ फूट लांब आणि ५ फूट रुंद बोटीची उघडी जागा साधारण ५ चौरस मीटर धरा. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर बोटीत ५०० लिटर, म्हणजे अर्धा टन पाणी. गगनबावड्याकडं जुलैत एका दिवसात एवढा पाऊस पडणं यात कुणाला नवल वाटत नाही.

म्हणून पहिला नियम कव्हरचा नाहीच, बुचाचा आहे. बोट जमिनीवर असेल तर तळाचं बूच काढून ठेवायचं आणि पुढचं टोक थोडं उचलून ठेवायचं. कव्हर फाटलं तरी पाणी मागून निघून जाईल. काढलेलं बूच स्टिअरिंगला किंवा इंजिनाच्या दांड्याला सुतळीनं बांधा. नाहीतर बोट पाण्यात उतरवल्यावर त्याची आठवण येते.

भाकरी डब्यात का घामेजते?

गरम भाकरी स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं तर काय होतं? झाकणाला आतून पाणी सुटतं आणि भाकरी ओली होते. तीच भाकरी फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली तर कोरडी राहते. बोटीचंही अगदी तसंच आहे.

दिवसा ऊन लागलं की कव्हरखालची हवा तापते, आतला ओलावा वाफ होऊन वर येतो. रात्री कव्हर गार पडलं की त्या वाफेचे थेंब होतात आणि पुन्हा बोटीतच पडतात. बाहेरून एक थेंब न शिरताही बोट आतून ओली! पावसाळ्याचे चार महिने हे रोज चालतं.

याचा फटका कुठं बसतो? गाद्यांना बुरशी येते, वायरींचे जोड हिरवे पडतात. बऱ्याच फायबर बोटींमध्ये मागच्या भिंतीत, म्हणजे जिथं इंजिन टांगतात तिथं, आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून ओल तिथं पोहोचली की लाकूड आतून कुजायला लागतं आणि बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते इंजिन हलायला लागल्यावर.

म्हणजे पाऊस अडवणारं कव्हर कुठंही मिळेल. आतली ओल बाहेर जाऊ देणारं कव्हर शोधायचं, ही खरी निवड आहे.

बाजारात काय काय मिळतं?

निळा प्लास्टिक कागद: सगळ्यात स्वस्त. पाणी अडवतो, पण हवा अजिबात खेळू देत नाही. उन्हानं एक-दोन हंगामात तडकतो आणि वाऱ्यानं फडफडून बोटीची चमक घासून काढतो. तात्पुरता ठीक.

सुती कॅनव्हास, म्हणजे जुनी ट्रकची ताडपत्री: हवा खेळते, दणकट असते. पण भिजली की प्रचंड जड होते आणि ओली घडी घातली की कुजते.

पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड: पाण्याला पूर्ण दाद देत नाही. मात्र भाकरीच्या डब्याचा प्रकार इथं सगळ्यात जास्त होतो. हे घ्यायचं तर दोन्ही बाजूंना जाळीच्या झडपा शिवून घ्यायलाच हव्यात.

लेप दिलेलं पॉलिस्टर: वजनाला हलकं, घडीला सोपं, किमतीला मधलं. बहुतेक तयार बोट कव्हर याचीच असतात. झडपा असतील तर आपल्या हवेसाठी हा व्यवहारी पर्याय आहे.

ॲक्रिलिक: यात धागा तयार करतानाच त्यात रंग मिसळतात, त्यामुळं उन्हात लवकर विटत नाही. हवा खेळते, पण घासलं की झिजतं आणि महाग पडतं. बोट सतत उघड्यावर असेल तर विचार करा.

जीएसएम आणि डेनियर म्हणजे काय?

दुकानदार हे दोन शब्द हमखास फेकतो. इचलकरंजीच्या माणसाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी: जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. ३०० डेनियरपेक्षा ६०० डेनियरचा धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. लेप कसा आहे आणि शिलाई कशी आहे, हे त्यावरून कळत नाही.

त्यामुळं तीन गोष्टी स्वतः बघा. शिलाईचा धागा सुती नको, पॉलिस्टरचा हवा, कारण कापडाच्या आधी शिवण उसवते. शिवण दुहेरी असावी आणि ती पाणी साचेल अशा सपाट भागावर येऊ नये. आणि कापडाचा खोलगट भाग करून त्यात तांब्याभर पाणी ओता, अर्ध्या तासानं खाली हात लावून बघा.

तयार कव्हर बसत नसेल तर ट्रकच्या ताडपत्र्या आणि टेम्पोचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडं जा. लांबी घेताना टेप नाळेच्या टोकापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ धरा, काचेवरून वळवू नका. रुंदी सगळ्यात रुंद जागी मोजा. इंजिनासाठी वेगळी टोपी शिवा. बोट ट्रेलरवरून न्यायची असेल तर पट्टे जास्त लागतात, ढिलं कव्हर हायवेवर फाटतंच.

उतार कोकणाकडून शिकावा

घाट उतरून मालवणकडं गेलात तर ही विद्या जुनी असल्याचं दिसेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी नौका किनाऱ्यावर ओढतात आणि शाकारतात. शाकारणी म्हणजे घराच्या छपरासारखा सांगाडा उभारून त्यावर विणलेल्या झावळ्या घालणं. आता अनेक ठिकाणी वर प्लास्टिकही येतं, पण तत्त्व तेच: मधे उंच, दोन्हीकडं उतार आणि बाजूनं वारा.

आपण इथंच चुकतो. कव्हर सपाट ताणलं की मधे डबकं होतं. एक मीटर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर खोल डबक्याचं वजन १०० किलो भरतं. ते कापड ताणतं, शिवण उसवतं आणि शेवटी सगळं पाणी बोटीत. उपाय साधा आहे. मधोमध एक आडवा बांबू उंचावर बांधा, त्याच्या टोकांना जुन्या टायरची ट्यूब गुंडाळा.

रबरी बोट असेल तर

पुरात वापरायच्या बऱ्याच बोटी रबरी असतात. त्यांचे शत्रू दोन, ऊन आणि उंदीर. ऊन चिकटवलेले जोड सैल करतं, म्हणून कव्हर फिक्या रंगाचं घ्या. फुगवून ठेवली असेल तर हवा थोडी कमी करा, उन्हात आतली हवा प्रसरण पावते. घडी घालायची तर बोट पूर्ण वाळवून आणि जमिनीपासून उंच ठेवा. लाइफ जॅकेट मात्र कव्हरखाली कोंबू नका, ती हवेशीर खोलीत टांगा.

शेवटची परीक्षा: रात्री दोन वाजता

गावाच्या बोटीसाठी कव्हर निवडताना एक प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात गांभीर्यानं विचारा. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, ओल्या हातांनी हे कव्हर किती मिनिटांत निघेल? फुगलेल्या सुतळीच्या गाठी असतील, किंवा कुलपाची किल्ली परगावी गेलेल्या माणसाकडं असेल, तर भारीतलं कव्हरही कुचकामी आहे. चाप लावून पटकन सुटणारे पट्टे लावा. आणि उघडण्याआधी काठीनं दोनदा आपटा, पावसाळ्यात कोरडी जागा सापालाही हवी असते.

कव्हर घातलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून ते काढा, बोटीला वारा लागू द्या, इंजिन सुरू करून बघा. बाहेर बसवलेलं इंजिन कोरडं चालवायचं नसतं, त्याला थंड करणारं पाणी नळीनं द्या. टाकीतलं जुनं पेट्रोलही बदला, आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हवेतली ओल धरते.

थोडक्यात काय, तर झडपा असलेलं लेपाचं पॉलिस्टर, मधे उंच बांबू, पटकन सुटणारे पट्टे आणि काढून ठेवलेलं बूच. एवढं जमलं तर राजाराम बंधाऱ्याचा आकडा ३९ च्या पुढे सरकेल तेव्हा तुमची बोट कोरडी असेल आणि दोरी ओढल्यावर इंजिन सुरू होईल.