प्राणिप्लवकांचे पोषण (गोडे पाणी)

तळी, सरोवरे व जलाशय यांच्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. रोटिफर, कोपेपॉड व क्लॅडोसेरा हे गोड्या पाण्यातील त्यांचे प्रमुख गट होत. त्यांची वाढ व प्रजनन केवळ अन्नाच्या प्रमाणावर नव्हे, तर त्याच्या गुणवत्तेवरही अवलंबून असते. क्लॅडोसेरा गटातील डॅफ्निया (जलपिसू) हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

फॉस्फरसची उणीव

मुबलक सूर्यप्रकाश असून फॉस्फरस अपुरा असल्यास शैवाल कार्बन साठवत राहते. डॅफ्नियाच्या शरीरातील प्रमाण मात्र बरेचसे स्थिर, म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे सुमारे ८० ते १०० अणू, असे असते. अन्नात हेच प्रमाण ३००च्या आसपास किंवा त्याहून अधिक झाले, की पोट भरूनही वाढ मंदावते. प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमांना फॉस्फरस मोठ्या प्रमाणात लागत असल्यामुळे जलद वाढणाऱ्या जीवांना ही उणीव विशेष जाणवते.

मेदाम्ले व स्टेरॉल

डायाटम व क्रिप्टोमोनास या शैवालांत आयकोसापेंटाएनॉइक आम्लासारखी लांब साखळीची मेदाम्ले असतात. म्हणून ते उत्तम अन्न ठरते. पेशीपटल व कात टाकण्याची संप्रेरके यांसाठी लागणारे स्टेरॉल डॅफ्नियाला स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळवावे लागते. नीलहरित शैवालात स्टेरॉल जवळजवळ नसते. शिवाय त्याचे तंतू व पुंजके गाळून खाणे अवघड जाते आणि त्याच्या काही जाती विषारीही असतात.

प्रजननावरील परिणाम

अनुकूल काळात डॅफ्नियाची मादी नराशिवाय, अनिषेकजननाने, पिले देते. निकृष्ट अन्नावर ती उशिरा प्रौढ होते व अंडी कमी धरते. अन्नटंचाई, दाटी किंवा लहान होत जाणारे दिवस अशा संकेतांमुळे नर निपजतात आणि जाड आवरणातील सुप्त अंडी तयार होतात. ती तळाच्या गाळात वर्षानुवर्षे टिकू शकतात.

महत्त्व

प्राणिप्लवक हे माशांच्या पिलांचे प्रमुख खाद्य असून ते शैवाल खाऊन पाणी नितळ राखण्यासही मदत करतात. सांडपाण्यामुळे नीलहरित शैवाल माजलेल्या तळ्यात मात्र अन्नाची रेलचेल असूनही डॅफ्निया उपाशी राहू शकतो. मग शैवालास आवर राहत नाही व माशांच्या पिलांनाही अन्न कमी पडते. म्हणून तळ्याचा हिरवा रंग हा त्याच्या समृद्धीचा पुरावा मानता येत नाही.