दाराबाहेरची आई

परळच्या टाटा हॉस्पिटलच्या आवारात कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी अशी एखादी आई दिसतेच. कडेवर चार-पाच वर्षांचं मूल, कोपरात अडकवलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जाडजूड फाईल. मूल रात्रीपासून उपाशी, कारण आज ‘पाठीतलं इंजेक्शन’ आहे. लिफ्टपर्यंत ते बरं असतं, आईच्या बांगड्यांशी खेळत असतं. मग ओळखीचा मजला येतो, स्पिरिटचा वास येतो आणि त्याचे हात आईच्या गळ्याभोवती आवळले जातात. सुई अजून बाहेर निघालेली नाही, ट्रेसुद्धा आलेला नाही. मुलाचं दुखणं मात्र सुरू झालेलं असतं.

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. शिरेतून दिलेली बरीचशी औषधं मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेशी पोहोचत नाहीत आणि रोगाच्या पेशी तिथे लपून राहू शकतात. म्हणून मुलाला कुशीवर वळवून, गुडघे छातीशी दुमडून, कमरेच्या दोन मणक्यांच्या मधून सुई घालावी लागते, थोडं पाणी काढून औषध सोडावं लागतं. हे एकदा करून भागत नाही. संपूर्ण उपचारांत ते दहा-पंधरा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा करावं लागतं. शिवाय रक्त तपासायला, सलाईन लावायला टोचणं आहेच. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि तेही आयुष्यभर. टाइप वन मधुमेहाच्या मुलाला तर रोजच सुई.

मणक्यातून दिल्या जाणाऱ्या या औषधाची, मेथोट्रेक्सेटची, पाळंमुळं परळपर्यंत येतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स 1928 मध्ये मुंबईला आल्या. गरोदर बायकांमध्ये, विशेषतः गिरणी कामगार बायकांमध्ये आढळणाऱ्या गंभीर पंडुरोगावर त्यांनी परळच्याच हाफकिन संस्थेत काम केलं. यीस्टच्या अर्कात या पंडुरोगावर उतारा आहे, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. तो घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने फोलिक आम्ल तयार केलं आणि त्याचं काम रोखणारी द्रव्यंही. त्यातलंच एक, अमिनोप्टेरिन, वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटवून दाखवला. ते साल होतं 1948. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं.

त्यानंतरची तीन दशकं मुलांना जगवण्याच्या झुंजीत गेली आणि ते योग्यच होतं. मुलं जगू लागली, तेव्हा कुठे त्यांना टोचताना काय होतं याकडे लक्ष गेलं. लॉस एंजेलिसच्या बाल रुग्णालयात अर्नेस्ट कॅट्झ, जोनाथन केलरमन (हेच पुढे रहस्यकथाकार म्हणून गाजले) आणि स्टुअर्ट सीगल यांनी अस्थिमज्जा काढताना मुलं कशी वागतात याची बारकाईने नोंद ठेवली. 1980 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: मुलं सरावत नाहीत. दहाव्या वेळी पहिल्या वेळेपेक्षा कमी त्रास होईल, ही मोठ्यांची समजूत आहे.

‘सवय होईल हळूहळू’ हे वाक्य आपल्याकडे वॉर्डात सर्रास ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाच्या मेंदूत जे घडतं ते बरेचदा याच्या उलट असतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला ‘दरवाजा सिद्धांत’ इथे उपयोगी पडतो. त्वचेकडून आलेला वेदनेचा निरोप मेंदूकडे जसाच्या तसा जात नाही. मज्जारज्जूत त्याला जणू एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. लक्ष दुसरीकडे असेल तर दार थोडं लोटलं जातं. भीतीने मन आधीच सुईवर खिळलेलं असेल तर ते सताड उघडतं. तेव्हा मुलाची मागची आठवण जितकी वाईट, तितकी या वेळची सुई जास्त दुखते.

याचा पुरावा 1998 मध्ये स्टीव्हन वाइसमन आणि सहकाऱ्यांनी दिला. कर्करोगाच्या काही मुलांना पहिल्या वेळी खरं वेदनाशामक मिळालं होतं, काहींना नुसतं दिसायला तसंच औषध. पुढच्या खेपांना सगळ्यांनाच खरं औषध दिलं. तरीही पहिल्या वेळी ज्यांना ते मिळालं नव्हतं, त्यांच्यातल्या आठ वर्षांखालच्या मुलांना नंतरही जास्तच दुखत राहिलं. अभ्यास लहानसा होता, पण त्याचा अर्थ पालकांनी आणि डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. पहिली सुई नीट टोचली जाणं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकी तीच घाईगर्दीत उरकली जाते.

आता आईच्या शब्दांकडे येऊ. सुई समोर आली की कुठल्याही आईच्या तोंडून आपसूक निघतं, ‘काही नाही होत रे सोन्या, झालंच, झालंच हं.’ यात माया आहे. पण रोनाल्ड ब्लाउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचतानाची संभाषणं टिपून तपासली, तेव्हा असा धीर देणं, माफी मागणं आणि रागावणं या तिन्हींनंतर मुलाचं रडणं वाढलेलं दिसलं. पुढे शाळापूर्व वयाच्या मुलांच्या लसीकरणात काही पालकांना फक्त धीर द्यायला सांगितलं, तर काहींना मुलाचं लक्ष वळवायला. धीर देणाऱ्या गटात जास्त मुलांना धरून ठेवावं लागलं. कॅनडातल्या मेगन मॅकमर्ट्री यांनी याचं कारण मुलांकडूनच काढून घेतलं. ‘काळजी करू नकोस’ म्हणणारा मोठा माणूस मुलांना घाबरलेला वाटतो. आईचा आवाज चढलेला, भुवया जवळ आलेल्या. मूल शब्द ऐकत नाही, चेहरा वाचतं.

आपल्या घरांमध्ये यात आणखी एक भर पडते. जेवत नाही, झोपत नाही, की ‘थांब, डॉक्टरकाकांना सांगून इंजेक्शनच द्यायला लावते’ ही धमकी. बागुलबुवाच्या जागी डॉक्टर येऊन बसला आहे. ज्या मुलाला पुढे वारंवार टोचून घ्यायचं आहे, त्याच्या कानावर हे वाक्य एकदाही पडायला नको.

मग करायचं काय? जत्रेत मिळते ती, फुंकलं की सर्रकन उलगडणारी कागदी पिपाणी हे ब्लाउंट यांच्या अभ्यासातलं खरं साधन होतं. मुलाने फुंकायचं, आईने ‘अजून लांब, अजून लांब’ म्हणायचं. साबणाचे फुगेही तेच काम करतात: श्वास लांब सुटतो, नजर सुईवरून हलते. थोड्या मोठ्या मुलाशी काल पाहिलेल्या क्रिकेटच्या सामन्यावरून वाद घालावा. हातावर टोचायचं असेल तर मुलाला आडवं पाडून चौघांनी दाबण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या छातीला छाती लावून बसवावं. एक हात सिस्टरकडे, बाकीचं सगळं मूल आईच्या मिठीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणाबद्दल जे मार्गदर्शन दिलं त्यात हेच आहे: लहान मुलाला कुणीतरी जवळ घेऊन बसावं, तान्ह्या बाळाला टोचताना अंगावर पाजावं. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम जागेवर लावून तासभर झाकून ठेवलं तर त्वचेची वेदना बरीच कमी होते. मात्र ते डॉक्टरांना विचारूनच लावावं, तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर नक्कीच. पाठीच्या सुईसाठी गुंगीचं औषध मिळत असेल, तर ते मागायला संकोच करू नये.

खोटं बोलू नये, हे वेगळं सांगायला हवं. ‘मुंगी चावेल’ म्हटलं आणि प्रत्यक्षात जोरात दुखलं, तर पुढच्या वेळी आईच्या कुठल्याच शब्दाला वजन उरत नाही. ‘जोरात टोचेल, मी दहा म्हणेपर्यंत राहील, तोवर तू पिपाणी फुंक’ हे मुलाला झेपतं.

सगळ्यात कमी वापरलं जाणारं औषध मात्र सुई निघाल्यानंतरचं आहे. एडिथ चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ल्युकेमियाच्या 50 मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. पाठीतल्या पुढच्या इंजेक्शनाआधी मुलांशी मागच्या वेळेबद्दल बोलायचं. भीतीने फुगलेली आठवण खऱ्या मापावर आणायची आणि त्यांनी स्वतः काय चांगलं केलं ते त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचं. अशी बोलणी झालेल्या मुलांचा पुढचा त्रास बाकीच्यांपेक्षा कमी भरला. कॅल्गरीच्या मेलनी नोएल यांनी पुढे हेच तंत्र आईवडिलांच्या हाती दिलं. आठवण दगडावरची रेघ नसते, दर वेळी सांगताना ती थोडी नव्याने लिहिली जाते, आणि लहान मुलाची आठवण सांगायला लावणारं माणूस बहुतेकदा आईच असते.

हे परतीच्या टॅक्सीतही करता येतं. मूल म्हणतं, ‘मी सगळा वेळ रडलो.’ आई म्हणते, ‘चिकटपट्टी काढताना रडलास ते खरं. पण सुई होती तेव्हा पाय हलवलाच नाहीस. मी पाहत होते. कसं जमलं रे तुला?’ मूल जरा विचार करतं. ‘मी पिपाणी मोठी केली ना.’ पुढच्या खेपेला ते हेच बरोबर घेऊन येतं.

पण यासाठी ‘मी पाहत होते’ हे खरं असावं लागतं. ब्रिटनमध्ये एकेकाळी आईवडिलांना वॉर्डातसुद्धा मोजक्याच वेळी सोडत. जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला, आणि 1959 मध्ये प्लॅट समितीने भेटीवरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली. आपल्याकडे हा प्रश्न कधी नव्हताच. आपल्या सरकारी दवाखान्यातली आई मुलाच्या खाटेशेजारी चटई टाकून झोपते, भरवते, पुसते, रात्री सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारते. आणि दहा मिनिटांच्या सुईसाठी मात्र अनेक ठिकाणी तिला सांगितलं जातं, ‘तुम्ही बाहेर थांबा.’ आईने नुसतं आत उभं राहिल्याने मुलाची वेदना कमी होते असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण तिच्या असण्याने कामात अडथळा आल्याचंही दिसलेलं नाही, आणि काय करायचं हे सांगून आत घेतलेली आई मुलाचा त्रास कमी करू शकते. जिला स्वतःलाच ते पाहवत नाही, तिने बापाला, आजीला किंवा मावशीला आत पाठवावं. त्यात कमीपणा काहीच नाही.

तेव्हा पुढच्या तारखेला आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मलम तासभर आधी लावता येईल का? मुलाला मांडीवर घेऊन बसता येईल का? आणि मी आत थांबू का?