स्विचची आज्ञावली : पावसाळ्यापूर्वीची दक्षता

केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना आज ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. ग्रामपंचायती ब्रॉडबँडने जोडणे हा तिचा हेतू होय. अशा जाळ्यात आलेली माहिती योग्य संगणकाकडे पोहोचविण्याचे काम स्विच हे यंत्र करते. व्यवस्थापित स्विच याहून अधिक करतो. कार्यालय व शाळा यांची माहिती तो एकाच तारेवरून, परंतु स्वतंत्रपणे वाहून नेतो. बिघाडाची वर्दी दूरच्या केंद्राला देतो. आणि वलयाकार जोडणीत एक बाजू तुटल्यास माहिती दुसऱ्या बाजूने वळवितो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलय पद्धतीच स्वीकारलेली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात तिचे मोल विशेष आहे.

ही कामे यंत्रातील आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, करून घेते. तिच्यातील दोष व सुरक्षेच्या उणिवा नव्या आवृत्तीने दूर होतात. मात्र आवृत्ती बदलत असताना वीज गेल्यास यंत्र निकामी होऊ शकते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा मार्ग अनेकदा बंद पडला आहे. अशा वेळी तंत्रज्ञ पोहोचणे दुरापास्त असते. म्हणून प्रथम एका स्विचवर चाचणी घेऊन, जुन्या मांडणीची प्रत जपून आणि बॅटरी तपासून हे काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करणे श्रेयस्कर होय. त्या वेळी यंत्राची वीज कोणी बंद करणार नाही, एवढी दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावी.