जयंतीचा ट्रॅक्टर आणि उडणारा फ्यूज

एप्रिल महिना उजाडला की गावोगावच्या बौद्ध वस्त्यांतून ट्रॅक्टर-ट्रॉली सजू लागतात. ट्रॉलीवर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, निळे झेंडे, चारही कोपऱ्यांवर प्रखर दिवे आणि मधल्या जागेत दाटीवाटीने बसलेली मुले. दिव्यांचा भार बहुधा ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर टाकलेला असतो. मिरवणूक ऐन चौकात येते आणि अंधार होतो. मग एखादा चपळ तरुण जळालेला फ्यूज उपसून काढतो, त्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याच्या तारेचा पीळ खुपसतो आणि दिवे लागतात. टाळ्या पडतात. आम्हांस त्या टाळ्यांची भीती वाटते. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांत ट्रॅक्टर चालविणारे माजी विद्यार्थी आहेत, आणि त्या ट्रॉलीत आपली लेकरे बसविणारे पालकही आहेत. म्हणून इतिहास शिकविणाऱ्यांनी हा विषय हाती घेतला आहे.

फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवर जाणीवपूर्वक ठेवलेला सर्वांत दुबळा दुवा. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की त्यातील धातूची बारीक पट्टी वितळते आणि वाट तुटते. एडिसनने १८९० साली वीजवितरणातील अशा फ्यूजचे पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच आहे. हा दुवा वितळला नाही तर तापायचे काम तारेला करावे लागते. तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण आधी मऊ होते, मग वितळते, मग पेटते. आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली डिझेलची नळी त्याच तारांच्या शेजारून गेलेली असते.

आता थोडे गणित करू. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ५५ वॅटचे चार हॅलोजन दिवे म्हणजे २२० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्यांना १८ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. हे दिवे जर १० अँपिअरच्या फ्यूजमागे जोडले असतील, तर तो जळणारच. त्याने आपले कर्तव्य बजावले, एवढाच त्याचा अर्थ. पात्याच्या आकाराच्या फ्यूजवर आकडा लिहिलेला असतो आणि रंगही ठरलेले असतात: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. लाल काढून हिरवा बसविणे म्हणजे चांदीचा कागद बसविण्याचीच सभ्य आवृत्ती होय. त्यातच मिरवणुकीत इंजिन मंद गतीने चालते, अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही, बॅटरी उतरत जाते आणि शेवटी ट्रॅक्टर ढकलण्याची पाळी येते.

परंतु जादा दिवे नसतानाही फ्यूज वारंवार जात असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. कारणावाचून काही घडत नाही, ही शिकवण आपल्या वसतिगृहातील लहान मुलालाही ठाऊक आहे. ती बॉनेटखालीही लागू पडते. 'अमक्या मिस्त्रीने सांगितले' एवढ्यावर विसंबू नये. पहिला प्रश्न असा विचारावा: फ्यूज नेमका केव्हा गेला? किल्ली फिरविताच गेला, तर तार कोठेतरी सरळ लोखंडाला टेकली आहे. ठरावीक बटण दाबल्यावर गेला, तर दोष त्याच बटणाच्या शाखेत आहे. खड्ड्यात आदळल्यावरच जात असेल, तर सोललेली तार हेलकाव्यासरशी सांगाड्याला शिवते आहे.

यानंतरची परीक्षा आम्हांस फार आवडते, कारण तिला खर्च जवळजवळ नाही आणि ती नवे फ्यूज जाळीत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसह घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी त्या दोन्ही टोकांना लावाव्यात. त्या शाखेवरील सारे दिवे आधी होल्डरमधून काढून ठेवावेत, भोंगाही सोडवावा. मग किल्ली व बटण चालू करावे. बल्ब विझलेला राहिला, तर तारा निर्दोष आहेत. दोष काढलेल्या वस्तूंपैकी एकीत आहे. बल्ब भरपूर उजेडाने पेटला, तर तारेत शॉर्ट आहे. बल्बमुळे प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो, म्हणून निवांतपणे शोधता येते. एकेक जोड सोडवीत जावे. ज्या जोडापाशी बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या भागात दोष आहे. बल्ब पेटत नसेल, पण फ्यूज आदळल्यावरच जात असेल, तर तारांचा जुडगा हाताने हलवून पाहावा. बल्ब लुकलुकला की जागा सापडली.

बहुतेक वेळा ती जागा ठरलेली असते: डॅशबोर्डमागे, सायलेन्सरजवळ, मडगार्डच्या छिद्रातील रबर निघून गेले असेल तेथे. गोठ्यालगत उभ्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात. ट्रॉलीच्या जोडणीचा प्लग तर धुळीने आणि पाण्याने भरलेलाच सापडतो. सोललेला भाग नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळू नये. तेवढी तार बदलावी. त्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. उलट, फ्यूज शाबूत आणि दिवे मंद, असे असेल तर बॅटरीच्या टोकांवरील पांढरट थर व गंजलेले अर्थिंग आधी घासून पाहावे.

मिरवणुकीसाठी हॅलोजनऐवजी १० वॅटचे चार एलईडी दिवे लावले, तर साडेतीन अँपिअरही लागत नाहीत. त्यांच्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र तार घ्यावी, त्या तारेवर बॅटरीपासून वीतभराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा आणि तार ट्रॉलीच्या कडेने पक्की बांधावी. ध्वनिवर्धक मोठा असेल तर त्याला वेगळा जनरेटर द्यावा. बॅटरीवर टाकू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी देशाच्या वीजविकासाचाही विचार केला होता, ही गोष्ट आपल्या तरुणांना ट्रॅक्टरजवळ उभे करून सांगावी, असे आम्हांस वाटते.

आणि ट्रॉलीमागचे तांबडे दिवे रोषणाईच्या तारेला कधीच जोडू नयेत. रोषणाईचा फ्यूज गेला तरी मागून येणाऱ्या वाहनाला ट्रॉली दिसत राहिली पाहिजे. परतीच्या वाटेवर, मध्यरात्री, त्यात पेंगुळलेली मुले असतात.