रोजची भाकर आणि अरण्याचे बारा महिने

पावसाळा तोंडावर आला की गोमंतकातील आमच्या भगिनींची पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, आमसुले, कांद्यांच्या माळा असे सारे घरात येऊन पडते आणि मगच पहिल्या सरीचे स्वागत होते. कठीण महिन्यांसाठी आधीच साठवून ठेवावे, हे शहाणपण आपल्या हाडीमाशी खिळले आहे. परंतु ज्यांची घरे पानांची, ज्यांना कोठार ठाऊक नाही, आणि ज्यांच्या दमट अरण्यात धुरावर धरलेले मांसही फार दिवस टिकत नाही, ती माणसे आपले कठीण महिने कसे काढीत असतील? या प्रश्नाचा माग काढताना आम्हांस जे आढळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आफ्रिकेतील काँगो देशाच्या ईशान्येस इटुरी नावाचे विस्तीर्ण पर्जन्यवन आहे. म्बुटी आणि एफे हे ठेंगण्या बांध्याचे शिकारी लोक तेथे राहतात. १९२९ साली पाउल शेबेस्टा नावाचे एक धर्मगुरू त्यांच्यात राहून त्यांच्या जीवनाचा व धर्मकल्पनांचा अभ्यास करण्यासाठी तेथे गेले, आणि पुढील पंचवीस वर्षांत पुनःपुन्हा जात राहिले. ते एस. व्ही. डी. संघाचे होते. याच संघाचे मिशनरी १९३२ साली इंदूरला आले, हे आमच्या तिकडील वाचकांस सांगावयास नको. अशा अभ्यासकांच्या लिखाणातून आपल्याला या लोकांच्या ताटाची ओळख होते.

हे ताट ऋतूप्रमाणे पालटते. कोरड्या दिवसांत जाळी लावून लहान हरणांची शिकार होते आणि स्त्रिया ओढ्यांतील मासे धरतात. पावसाळ्याच्या मध्यावर, अरण्यातील उंच वृक्षांचा बहर होऊन गेला म्हणजे, मधाचे दिवस येतात. तेव्हा शिकार मागे पडते. पुरुष धुमसत्या पानांचा पुडा घेऊन प्रचंड झाडांवर चढतात आणि पोळी खाली उतरवितात. त्यांतील मध तर खातातच, पण माशांच्या अळ्याही टाकीत नाहीत, कारण मधात नसलेली प्रथिने आणि स्निग्धांश त्यांतून मिळतात. काँगोच्या खोऱ्यात इतरत्र पावसाळ्यात सुरवंट गोळा करून वाळवितात, आणि रानआंब्याची कोय फोडून तिच्या तेलकट गरावर कालवणे घट्ट करतात. आपणांस हे ऐकून नवल वाटेल. पण पोषणाच्या दृष्टीने यांत उणे काही नाही.

तथापि हे चित्र केवळ रम्य नाही. पर्जन्यवन हिरवेगार दिसते, परंतु त्यातील बहुतेक बळ लाकडात आणि उंच शेंड्यांत अडकलेले असते. रानातील हरणांचे मांस चरबीहीन असते, आणि नुसत्या अशा मांसावर माणूस जगू शकत नाही. म्हणून एफे लोक लेसे नावाच्या शेजारी शेतकऱ्यांशी देवघेव करतात. मांस, मध आणि शेतातील श्रम द्यावयाचे, आणि केळी, भुईमूग व कसावा, म्हणजे ज्यापासून आपण साबुदाणा करतो तो कंद, घ्यावयाचा. पण जुने पीक संपून नवे हाती येण्यापूर्वीचे महिने शेतकऱ्यांनाही उपासाचे जातात. त्या दिवसांत लेसे स्त्रियांचे वजन घटते आणि गर्भधारणाही कमी होते, असे १९८० नंतरच्या दशकातील संशोधनात दिसून आले. अरण्यातील भूक अशी देहावर लिहिली जाते.

यावरून काही विद्वानांनी १९८७ ते १९८९ च्या सुमारास असा प्रश्न केला की, शेतकऱ्यांच्या आधाराविना पर्जन्यवनात माणूस जगू तरी शकेल काय? याचे एक उत्तर पश्चिमेकडील कामेरून देशातून आले. तेथील बाका लोक कोरड्या ऋतूत गाव सोडून कुटुंबकबिल्यासह दूर रानात जातात. यासुओका या जपानी संशोधकाने अशाच एका मोठ्या मुक्कामात त्यांच्या रोजच्या अन्नाची मोजदाद केली आणि २००६ साली ती प्रसिद्ध केली. अन्नातून मिळालेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग रानकंदांचा होता. हे कंद आपल्या करांदा-कोनफळाच्या कुळातीलच. पावसात वेल वाढतो, कोरड्या दिवसांत कंद भरतो, आणि पुन्हा पाऊस लागताच नव्या कोंबापायी रिकामा होतो. म्हणून केव्हा आणि कोठे जावयाचे, हे ठाऊक असावे लागते. बाका लोक कंद खणून घेतात, पण वेलाचे मूळडोके जागच्या जागी ठेवून त्यावर माती लोटतात. पुढील वर्षी तोच वेल पुन्हा फळास येतो.

तात्पर्य, या लोकांचे कोठार दोन गोष्टींत आहे. एक, ऋतू ओळखून चालत जाण्याची मोकळीक. दुसरी, वाटून खाण्याची रीत. आलेली शिकार सर्व झोपड्यांत जाते. आज ज्याने दिले, त्याचे पाय उद्या रिकाम्या हातांनी परतले तरी त्याची मुले उपाशी निजत नाहीत. आपण बरणीत साठवितो. ते शेजाऱ्यापाशी साठवितात.

आणि येथेच आपल्या विवेकास टोचणारी गोष्ट येते. वसाहतीच्या काळापासून सरकारांनी या लोकांना रस्त्याकडेला आणून वसविले. शाळा व औषध त्यांच्यापर्यंत पोहोचावे या सद्हेतूने मिशनांनीही त्यास हातभार लावला. शाळा व औषध खरोखरच हवे होते. परंतु एका जागी बसताच बारा महिन्यांचे ताट आकसून कसाव्यावर येते, आणि कसाव्यात पिष्ट पुष्कळ, प्रथिने अत्यल्प. जवळचे रान लवकर रिते होते, साचलेल्या वस्तीत जंत व ताप वाढतात, दारू जवळ येते. काही ठिकाणी राखीव वनांच्या सीमांनी कंदांच्या वाटाही बंद केल्या. अरण्यात न आलेला दुष्काळ रस्त्यावर येतो.

यावर त्यांना पुन्हा रानात लोटावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या लेकरांस अक्षर आणि लस मिळालीच पाहिजे. पण मधाच्या आणि कंदांच्या दिवसांत शाळेस सुटी का असू नये? दवाखाना त्यांच्या मुक्कामाकडे का जाऊ नये? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आग्रहाने सांगितले की, आदिवासींच्या भूमीविषयी काही ठरवावयाचे तर प्रथम त्यांच्याशीच बोलावे. परोपकाराची पहिली पायरी विचारणे ही आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो.

इस्राएल लोकांनी रानात मान्ना वेचला, तेव्हा उद्यासाठी दडवून ठेवलेल्यात किडे पडले. आपण रोज रात्री कुटुंबासह भाकरीची प्रार्थना करतो, ती ‘मला’ म्हणून नव्हे, ‘आम्हांस’ म्हणून. यंदा पुरुमेंताच्या बरण्या भरताना एक बरणी कोणाच्या दारी जावयाची, हे त्याच वेळी ठरवून ठेवले, तर इटुरीच्या त्या पानांच्या झोपड्यांकडून आपण काही शिकलो असे होईल.